‘जिन्नस’मधलं सांबारं

रेवती आगाशेला बरीच वर्षं दुसऱ्याच्या कामातली खोट शोधण्याचा पगार मिळाला. पवईच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती टेस्टर होती. इतरांनी लिहिलेला प्रोग्रॅम हाती आला की तो कुठे फसेल, कोणी मुद्दाम वाकडंतिकडं काही टाइप केलं तर काय होईल, हे हुडकायचं. सगळं ठीक चाललंय असं दिसलं की तिला जास्तच शंका यायची, आणि बहुतेक वेळा ती खरी ठरायची. त्यामुळे कंपनीत तिला मान होता.

तोच स्वभाव घरीही आला. भाजीवाल्याने तराजू उचलला की ती आधी रिकामी पारडी बघायची. सोसायटीची लिफ्ट दुरुस्त झाली की दोन-तीन दिवस जिन्याने जायची; आधी दुसरे लोक वरखाली करू देत, म्हणायची. शौनक, तिचा नवरा, एका विमा कंपनीत होता आणि शांत माणूस होता. लग्न ठरलं तेव्हा हिने माझ्या कॉलेजात जाऊन हा खरंच इथे शिकला का असं विचारलं होतं, असं तो पाहुण्यांना हसत सांगायचा. रेवती ते कधी नाकारत नसे.

कंपनीने तिचा विभागच बंद करून तिची नोकरी संपवली तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. मुलुंड पूर्वेच्या घरी बसून काय करायचं, या विचारात असतानाच सासूबाईंचं, सुहासिनीबाईंचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि स्वयंपाकघर रेवती-शौनकच्या हाती आलं. सुहासिनीबाई कॉटवरून सूचना द्यायच्या आणि रोजची आमटी रोज वेगळी व्हायची. त्या दिवसांत रेवतीने फोनवर चालेल असा एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. सासूबाई सांगतील ते त्यात टाकायचं, चार माणसांचं माप सात माणसांना लागलं तर त्याने हिशेब करून द्यायचा, घरात फक्त पोहे आणि बटाटे असतील तर त्यांचं काय होईल ते सुचवायचं. नाव ठेवलं ‘जिन्नस’.

हळूहळू ते सोसायटीतल्या बायकांनी घेतलं, त्यांच्या बहिणींनी घेतलं, मग बोरिवली, अंधेरी, घाटकोपर असं पसरत गेलं. प्रत्येकीने आपापल्या पाककृती त्यात घातल्या. फुकट होतं, जाहिराती नव्हत्या, आणि काही अडलं तर उत्तर खुद्द रेवती द्यायची.

सगळ्यात जास्त बघितल्या जायच्या त्या सुगंधा मेस्त्रीच्या पाककृती. सुगंधा शेजारच्या विंगमध्ये राहायची. सासर-माहेर दोन्ही मालवणकडचं, सासरे लालबागच्या गिरणीत होते. गिरणी गेल्यावर कुटुंब मुलुंडला आलं. सुगंधा ठाण्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर बसायची. रेवतीच्याच वयाची, मोकळी, मोठ्याने बोलणारी. पाककृती लिहायचा तिला कंटाळा. घरी परतताना रिक्षातून ती रेवतीला बोलून पाठवायची, मागे हॉर्न वाजत असायचे, आणि रेवती ते ऐकून टाइप करायची. तिचं काळ्या वाटाण्यांचं सांबारं ‘जिन्नस’मध्ये सगळ्यात लाडकं होतं. सुहासिनीबाई सहसा दुसऱ्याच्या स्वयंपाकाची तारीफ करत नसत, पण त्या सांबाऱ्याची वाटी पुन्हा पुढे करत.

संक्रांतीच्या सुमारास रेवतीने ‘जिन्नस’ची नवी आवृत्ती काढायचं ठरवलं. तक्रार जुनीच होती. एकटी राहणारी मुलंमुली विचारायची की वाटी म्हणजे नेमकं किती? त्यांच्याकडे छोटे डिजिटल काटे होते, त्यांना ग्रॅम हवे होते. रेवतीने काम नीट हाती घेतलं. ओट्यावर काटा मांडला आणि पोहे, रवा, बेसन, डाळी, खोबरं, एकेक जिन्नस वाटीत भरून तोलला. प्रत्येकाचं वजन वेगळं, म्हणून प्रत्येकाचा आकडा वेगळा घातला. मग प्रोग्रॅमला सांगितलं की जिथे जिथे ‘वाटी’ लिहिलंय तिथे ग्रॅम कर. चमचे तसेच राहू दिले. जुनं आणि नवं शेजारी शेजारी दिसलं तर लोक गोंधळतील म्हणून जुना शब्द काढूनच टाकला.

आणि सवयीप्रमाणे ते तपासलं. सासूबाईंच्या पाककृती नव्या मापाने करून पाहिल्या. खीर, भरली वांगी, सांज्याच्या पोळ्या, सगळं पूर्वीसारखं उतरलं. सुहासिनीबाईंनीही पसंतीची मान हलवली. रेवतीने नवी आवृत्ती सगळ्यांना पाठवून दिली.

होळीच्या आधी बोरिवलीहून सुहासिनीबाईंची नणंद जेवायला येणार होती. ही नणंद चवीची फार पक्की. सुहासिनीबाईंनी आंबोळ्या आणि सुगंधाचं सांबारं करायचं ठरवलं. फोन समोर ठेवून, काटा लावून, अक्षरशः ग्रॅमभरही इकडेतिकडे होऊ न देता त्यांनी सांबारं केलं. ते जाळ तिखट झालं. रस्सा पातळ, वाटाणे शोधावे लागत होते. नणंदेने दोन घास खाल्ले, ताक मागितलं आणि मग पूर्ण जेवण ताक-भातावर केलं. जाताना जिन्यात एवढंच म्हणाली की वहिनी, आपलं आपण करावं, लोकांच्या नादी लागू नये.

त्या संध्याकाळी सुहासिनीबाईंनी उरलेलं सांबारं पुन्हा एकदा चाखून पाहिलं. मग त्यांनी रेवतीला हाक मारली.

“तिने मसाल्याचं माप खोटं सांगितलंय,” त्या म्हणाल्या. “तिच्या घरी मी स्वतः खाल्लंय. हे ते नाही. हातचं कोणी पूर्ण देत नसतं, रेवती. एक गोष्ट मागे ठेवतात.”

रेवतीने तेव्हा विषय टाळला. पण ते वाक्य तिच्या डोक्यात जाऊन बसलं. दुसऱ्या दिवशी तिने ‘जिन्नस’वर आलेले निरोप पुन्हा वाचले. अंधेरीच्या एकीने लिहिलं होतं की सुगंधाताईंची उसळ पूर्वीसारखी होत नाही. बोरिवलीच्या दुसरीने आणखी कोणाच्या शिऱ्याबद्दल तेच लिहिलं होतं, आणि खाली टोमणा मारला होता की काही बायका नाव कमवायला पाककृती देतात आणि मुद्दाम बिघडवून देतात. त्याखाली तिचं आणि शिरा देणारीचं भांडण जुंपलं होतं.

रेवतीने आधी प्रोग्रॅमकडे पाहिलं. सुगंधाची पाककृती नंतर कोणी उघडून बदलली होती का? नाही. बदल करण्याचा हक्क फक्त सुगंधाला होता आणि तिने हात लावला नव्हता. नव्या आवृत्तीने केलेला बदल रेवतीने त्यात धरलाच नाही. तो तर तिने स्वतः तपासलेला होता.

मग तिला हर्षद घाग आठवला. हा माणूस घाटकोपरचा, ‘जिन्नस’वर नवा. महिनाभर तो सारखे प्रश्न विचारत होता. आमच्या पाककृती कुठे साठवता? त्या दुसऱ्या कोणाला दिसतात का? आवृत्ती बदलली की जुन्याचं काय होतं? तुमच्यामागे कोणती कंपनी आहे? आणि तो सुगंधाच्या पाककृती एकामागून एक उघडत होता. एखाद्या मोठ्या कंपनीने माल उचलायला बसवलेला माणूस असेच प्रश्न विचारतो, असं रेवतीला वाटलं. पण उचलणारा बिघडवेल कशाला? तिने तोही विचार करून पाहिला. आपलं नाव खराब झालं तर लोक दुसरीकडे जातील, म्हणून.

आता तिच्यापुढे दोन संशयित होते, आणि त्यातली एक जवळ राहत होती. रविवारी ती सुगंधाकडे गेली. सुगंधा कपड्यांच्या घड्या घालत होती. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग रेवतीने शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, “सांबाऱ्यात तू मला सांगितलेलं सोडून अजून काही घालतेस का गं?”

सुगंधाने हातातली घडी खाली ठेवली.

“म्हणजे?”

“म्हणजे, काहींना जमत नाहीये. एखादी गोष्ट सांगायची नसेल तर तसं म्हण. मी समजू शकते.”

सुगंधाने कपड्यांचा ढीग बाजूला सारला. मग म्हणाली, “काकूंनी पाठवलं तुला?” रेवती रिकाम्या कपाकडे बघू लागली, आणि तेच उत्तर झालं. सुगंधा उठली, कप उचलून आत घेऊन गेली आणि बाहेर आली ती पुन्हा बसलीच नाही. रेवती निघाली. घरी पोचेपर्यंत सुगंधाने ‘जिन्नस’मधल्या आपल्या सगळ्या पाककृती काढून टाकल्या होत्या.

सुहासिनीबाईंना हे कळल्यावर त्या म्हणाल्या की बघ, खरी असती तर काढल्या नसत्या. शौनक म्हणाला की खोटी असती तर तिने आणखी दोन गोष्टी रचून सांगितल्या असत्या. त्या घरात पुढचे काही दिवस कोणी सांबाऱ्याचं नाव काढलं नाही.

रेवतीला झोप लागत नव्हती असं नाही, पण काम सुचत नव्हतं. सुगंधा गेटवर दिसली की नमस्कारापुरतं हसायची, जसं अनोळखी माणसाशी हसतो. शेवटी रेवतीने ठरवलं की दुसऱ्या संशयिताला तरी गाठायचं. तिने हर्षदला कळवलं की ‘जिन्नस’ वापरणाऱ्यांना मी प्रत्यक्ष भेटतेय, तुमच्याकडे आले तर चालेल का? उत्तर चटकन आलं. या, म्हणाला, मलाही तुमच्याशी बोलायचंच आहे. त्या ‘बोलायचंच आहे’ने तिचा संशय आणखी पक्का झाला. ती शौनकला बरोबर घेऊन गेली.

घाटकोपरला पंतनगरमधल्या एका जुन्या इमारतीत हर्षद राहत होता. पस्तिशीचा, सडपातळ, छापखान्यात डिझाइनचं काम करणारा. घरात त्याची आई होती, रुक्मिणीबाई. कमरेचं हाड मोडल्यापासून त्या पलंगावर होत्या. बाहेरचं अन्न त्या तोंडात घालत नसत, त्यामुळे स्वयंपाक हर्षदकडे आला होता. कंपनी, माल, हेरगिरी यांचा तिथे काही मागमूस नव्हता. ओट्यावर काटा होता, शेजारी चिरलेला कांदा, आणि गॅसवर वाटाणे शिजत होते. सुगंधाच्या पाककृती ‘जिन्नस’मधून गायब होण्याआधी त्याने त्यांचे फोटो काढून ठेवले होते, असं तो जरा रागानेच म्हणाला.

पाणी दिल्यावर त्याने सरळ विषयाला हात घातला. “मॅडम, खरं सांगा. तुम्ही हे पुढे पैसे लावून विकणार आहात ना? म्हणून फुकटवाल्या पाककृती बिघडवताय?”

रेवतीने हातातला पेला खाली ठेवला. ती ज्याच्यावर नजर ठेवून होती तो इतके दिवस तिच्यावर नजर ठेवून होता. तिने विचारलं, असं का वाटलं तुम्हाला?

तेव्हा पलंगावरून रुक्मिणीबाई बोलल्या. त्यांचं म्हणणं असं की आधी हा माझ्या फोनवर बघून करायचा तेव्हा झकास व्हायचं. याने नवीन फोन घेतला, त्यात ते नवीन आलं आणि चव गेली. हर्षद म्हणाला की आईचा फोन इतका भरलाय की त्यात नवीन काही उतरतच नाही. त्याने उशीखालून तो फोन काढला, काचेला तडा गेलेला, आणि आपला फोन त्याच्या शेजारी ठेवला.

जुन्या फोनवर सुगंधाचं सांबारं तसंच होतं, जसं रेवतीने रिक्षातला आवाज ऐकून टाइप केलं होतं. काळे वाटाणे दोन वाट्या. खोबरं दीड वाटी. पाणी तांब्याभर. मसाला पाच चमचे. नव्या फोनवरच्या फोटोत वाटाण्यांचे आणि खोबऱ्याचे ग्रॅम होते. पाणी तांब्याभरच. मसाला पाच चमचे.

“तुम्ही आईच्या फोनवरून करायचात तेव्हा कोणती वाटी घ्यायचात?” रेवतीने विचारलं.

हर्षदने मांडणीवरून वाटी काढून दिली. रेवतीने ती हातात घेतली आणि तिला कळलं. ती खोलगट होती, कडेला जाड. आगाशांच्या घरातल्या वाटीच्या जवळजवळ दुप्पट. रुक्मिणीबाई म्हणाल्या की आमच्याकडे मापाला हीच, गावाकडून आणलेली.

रेवतीने काटा पुढे ओढला. दोन वाट्या वाटाणे तोलले. मग आपल्या आकड्याकडे पाहिलं. वाटाणे निम्मे, खोबरं निम्मं, मसाला आणि पाणी मात्र पूर्ण. दुसरं काहीच झालं नव्हतं. सासूबाईंच्या पाककृती बिघडल्या नाहीत, कारण त्या त्याच घरातल्या वाटीने लिहिल्या होत्या ज्या वाटीने रेवतीने सगळं तोललं होतं. इतर प्रत्येक घराची वाटी तिने आपलीच धरली होती.

परतताना शौनक गाडीतल्या गर्दीबद्दलच बोलत राहिला, आणि रेवतीला ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ती सुगंधाकडे गेली. दार उघडल्यावर उंबऱ्यातच तिने सगळं सांगितलं, वाटी, ग्रॅम, हर्षद, जुना फोन. सुगंधाने ऐकून घेतलं. मग आत जाऊन आपली मापाची वाटी आणली, पितळेची, पोचे पडलेली, आणि रेवतीच्या हातात दिली. ती बघायचीसुद्धा गरज नव्हती.

“चूक माझी आहे,” रेवती म्हणाली. “मी सगळ्यांना कळवणार आहे, तुझं नाव घेऊन.”

“कळव,” सुगंधा म्हणाली. “पण तू एवढी मशिनं तपासतेस, माझ्याकडे यायच्या आधी हे तपासता आलं नाय? तुला आधी माणसाचा संशय आला. माझा. एवढी वर्षं माझ्या घरात जेवतेस गो तू.”

रेवतीने वाटी परत दिली. सुगंधाने आत ये म्हटलं नाही, आणि रेवती घरी गेली.

तिने सगळ्यांना लिहिलं. काय चुकलं, कोणाचं चुकलं, आणि सुगंधा मेस्त्रींची पाककृती पहिल्यापासून बरोबर होती. ग्रॅम मागे घेतले, जुने शब्द परत आणले. पुढच्या आवृत्तीत असं केलं की पाककृती घालण्याआधी प्रत्येकीने आपल्या मापाच्या वाटीत पाणी भरून ते एकदा तोलायचं, मग तिच्या पाककृतींचे ग्रॅम त्याच वाटीवरून निघणार. काहींनी कौतुक केलं. काहींचा विश्वास उडाला तो उडालाच. टोमणा मारणारी बोरिवलीची आणि तो शिरा देणारी, दोघी परत आल्या नाहीत.

सुहासिनीबाईंनी सगळं ऐकलं, वाटीचंही ऐकलं, आणि म्हणाल्या की असेल, पण मसाला तिचा मुळातच जहाल.

मग बऱ्याच दिवसांनी एका शनिवारी सुगंधा स्वतः आगाशांकडे आली. हातात अळूची जुडी होती. नवीन आवृत्ती आलीय ना, म्हणाली, मला आधी बघायचीय. तुम्ही माझं करून पाहिलंत, आज मी काकूंचं करून बघते, इथेच, तुमच्याच वाटीने. रेवतीला तिच्या मनात नक्की काय आहे ते कळेना, पण नाही म्हणणं शक्य नव्हतं. सुगंधाने फोन ओट्यावर उभा केला आणि सुहासिनीबाईंचं अळूचं फदफदं लिहिलं होतं तसं केलं. चणाडाळ, दाणे, मुळा, चिंच, गूळ, सगळं मापून. सुहासिनीबाई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या.

झाल्यावर तिघींनी चाखलं. चांगलं होतं. पण घरचं नव्हतं, आणि ते रेवतीलाही कळलं. तिने एरवी खाल्लेल्या फदफद्यात शेवटी एक कडवटसर खमंगपणा असायचा, तो इथे नव्हता.

“काकू,” सुगंधा म्हणाली, “वाटी तर तुमचीच होती.”

सुहासिनीबाईंनी चमचा खाली ठेवला. “फोडणीत मेथ्या घालते मी,” त्या म्हणाल्या. “आणि वरून थोडं आंबट ताक. ते कोणाला सांगत नाही. माझ्या सासूबाईंनी मलाही आठ-दहा वर्षं सांगितलं नव्हतं.”

रेवतीला वाटलं आता सुगंधा काहीतरी लागेल असं बोलणार, आणि तिचा तो हक्क होता. सुगंधा हसलीसुद्धा नाही. तिने मेथ्यांचा डबा कुठे आहे ते विचारलं, कढलं गॅसवर ठेवलं आणि म्हणाली की किती ते सांगा, करपतील.

त्या दोघींचं त्यानंतर बरं जमलं, रेवतीच्या अपेक्षेपेक्षा बरं. लपवणारी एक आणि जिच्यावर लपवल्याचा आळ आला ती दुसरी, पण त्यांनी तो विषय तिथेच संपवला. सुहासिनीबाई नणंदेच्या पुढच्या भेटीला सुगंधालाच जेवायला बोलावून मोकळ्या झाल्या.

रेवतीशी मात्र सुगंधा वेळ घेऊन वागली. तिने पाककृती परत दिल्या, पण एकेक करून, आणि आता रिक्षातून बोलून पाठवत नाही. शेजारी बसते. रेवतीने टाइप केलेलं मोठ्याने वाचायला लावते, आपलं म्हणणं नि लिहिलेलं एक आहे का बघते, आणि मगच साठव म्हणते. नवीन आवृत्ती निघायची असली की तिला आधी द्यावी लागते. ती लॅबमधून येते, चप्पल काढता काढता विचारते, काय बदललंस? रेवतीने काही नाही म्हटलं तरी ती फोन घेते आणि आपल्या पाककृती पहिलीपासून शेवटपर्यंत उघडून बघते. रेवती तिच्यासमोर चहा ठेवते आणि तिचं बघून होईपर्यंत थांबते.